हसनभाईंचे पाठमोरे फोटो

हसनभाई रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढतात, पण फक्त पाठीचे. जेद्दाच्या जुन्या बलद बाजारात एका बॅगांच्या दुकानात ते काम करतात. मूळचे दापोलीकडचे. शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकलं की गळ्यात कॅमेरा अडकवून गल्ल्यांमधून फिरतात. मीही सोबत जातो. घरी सांगतो, चालणं होतं. खरं म्हणजे सुट्टीच्या दिवशी घरात बायको-मुलीशी काय बोलावं, तेच मला सुचत नाही.

एकदा विचारलं, "हसनभाई, समोरून का नाही काढत?"

"समोरून काढला की माणूस दोनच कामं करतो, साहेब. हसतो, नाय तर भांडतो. पाठीला दोन्ही जमत नाय."

पण भांडणं होतात. एका हैदराबादी अत्तरवाल्याने त्यांना भर बाजारात अडवलं, "मियाँ, मेरा फोटो काय को निकाले?" हसनभाईंनी शांतपणे कॅमेरा त्याच्यापुढे धरला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अरे! पीछे से तो मैं पूरा अब्बा हो गया!" आणि आम्हा दोघांच्या हातावर अत्तर लावून गेला.

त्यांच्याबरोबर फिरणं म्हणजे शिक्षा. बसणं नाही, टेकणं नाही. चहासुद्धा चालत चालत, निम्मा सांडत. "यल्ला, पुढच्या गल्लीत!" म्हणायचं आणि सुटायचं. आपण मागे आहोत की हरवलो, हे बघायला ते कधी वळत नाहीत. गेल्या महिन्यात लेकीचा, नाझनीनचा, निकाह ठरला आणि त्यांच्या पायांना भिंगरीच लागली. रजा मिळाली, तिकीट आलं, तरी माणूस जागेवर ठरेना.

मध्यंतरी माझी बायको आणि मुलगी बलद बघायला आल्या होत्या. लाकडी खिडक्यांच्या त्या उंच घरांपुढे बायकोला तिघांचा फोटो हवा होता. हसनभाई म्हणाले, "वहिनी, जरा पुढे चाला." आम्ही चाललो. त्यांनी मागून काढला.

"मी लिपस्टिक कशाला लावली मग?" बायको म्हणाली.

"पप्पा, धिस इज सो विअर्ड!" मुलगी म्हणाली.

मी मोठ्याने हसलो. घरी आल्यावर फोटो नीट पाहिला. मायलेकी हातात हात घालून चालल्या होत्या. मी त्यांच्या बराच पुढे, कानाला मोबाईल. तो कोणाचा फोन होता, तेही आता आठवत नाही. फोटो बायकोने जपून ठेवलाय. तिने एका शब्दाने काही विचारलं नाही, त्याचंच जास्त लागतं.

परवाचा शुक्रवार हसनभाईंचा निकाहसाठी गावी निघण्याआधीचा शेवटचा. हसनभाई अचानक एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. मीही शेजारी टेकलो.

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय!" ते म्हणाले. मग कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले. "साहेब, आमच्या घरापासून खाली रिक्षापर्यंत दगडी पायऱ्यांची पाखाडी हाय. दर रजा संपली की मी बॅग उचलून ती उतरायचो. नाझनीन वरती दारात उभी असायची. लहान होती तेव्हापासून. तिने बापाची पाठच बघितली."

"तुम्ही वळून बघायचात?"

"कधी नाय. वळलो असतो तर गेलोच नसतो." बोटाचा पट्टा सोडवत म्हणाले, "आता ती उतरणार पाखाडी. मी वरती दारात. ही पाठी बघायची सवय त्याच्यासाठीच करतोय. होतच नाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वळेल का हो ती?"

"वळेल," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

ते उठले. "यल्ला, पुढच्या गल्लीत," म्हणाले आणि चालू लागले. मी पायरीवरूनच त्यांची पाठ बघत राहिलो. मळकट सदरा, खांद्यावरून तिरका गेलेला पट्टा.

कोपऱ्यावर पोचले आणि थांबले. मग मागे वळले.

"येताय ना, साहेब?"