दोन रकान्यांची वही

"झोपेच्या आजाराचं आपलं केंद्र मी वाचवणार! एका बैठकीत! डोळ्याची पापणी लवायच्या आत!" विल्फ्रेड ॲक्रॉइडनं बायकोला छातीठोकपणे सांगितलं, आणि 'आत' म्हणता म्हणता त्याच्या पापण्या मिटल्या. मॉरीननं सवयीनं त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला.

गडी बोलता बोलता झोपायचा. वर स्वप्नं अशी हुबेहूब पडायची की जागेपणी काय घडलं आणि स्वप्नात काय, याचा पत्ताच लागत नसे. एकदा त्यानं स्वप्नात शेजाऱ्याला माफ केलं आणि वर्षभर त्याच्याशी गोड बोलला! म्हणून केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला वही दिली. डावीकडे 'घडलं', उजवीकडे 'दिसलं'. रोज संध्याकाळी मॉरीन ती तपासायची. त्या वहीच्या आणि गोळ्यांच्या जोरावर तो मुलीच्या लग्नात केक कापेपर्यंत जागा राहिला होता. त्या दिवशी त्याला आनंदानं रडूच फुटलं होतं.

आता निधी देणारी समिती म्हणत होती, इतक्या थोड्या रुग्णांसाठी वेगळं केंद्र कशाला? पुरावा दाखवा! दुसरं केंद्र तीन तासांवर, आणि विल्फ्रेडला गाडी चालवायची बंदी.

"केंद्र बंद पडलं की पुन्हा सूपमध्ये नाक," मॉरीन म्हणाली. विल्फ्रेड हसला आणि भाषण पाठ करायला बसला.

बैठक जेवणानंतर. भाजलेल्या मांसाचा रोस्ट, मग कस्टर्ड घातलेलं पुडिंग, आणि खिडकीतून जूनचं ऊन! समितीचा आकडेतज्ज्ञ क्रिस्पिननं आलेख दाखवायला सुरुवात केली. पहिली रेघ हळूच टेकडी झाली. टेकडीवर मेंढ्या आल्या. विल्फ्रेड त्यांच्यावरून तरंगत समितीपुढे उतरला आणि असा बोलला, असा बोलला, की अध्यक्षा मिसेस थॉर्नली हंसावर बसून रडू लागल्या. "घ्या निधी!" टाळ्या!

"ऊठ रे, तुझी पाळी!" मॉरीननं कोपर मारलं.

विल्फ्रेडनं डोळे उघडले. नऊ सदस्यांपैकी चौघे घोरत होते! थॉर्नलीबाईंची हनुवटी तर कस्टर्डात!

क्रिस्पिन घड्याळाकडे बघत कागदावर काहीतरी खरडत होता. "रुग्ण वीस मिनिटं झोपला. हे चार सदस्य सरासरी बावीस, आणि अजून झोपलेलेच आहेत! म्हणजे रुग्ण यांच्यापेक्षा ठणठणीत. मग केंद्र हवंय कशाला?"

विल्फ्रेड पाठ केलेलं भाषण पार विसरला.

"अहो साहेब," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "माझ्यावर उपचार झालेत म्हणून वीस! यांच्यावर कुठे झालेत?"

क्रिस्पिनचं पेन थांबलं. त्यानं घोरणाऱ्यांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "मुद्दा आहे," तो पुटपुटला. जागे असलेल्या पाचही जणांनी 'हो, हो!' करत हात वर केले, आणि त्या गलक्यानं दचकून उठलेल्या थॉर्नलीबाई ओरडल्या, "मंजूर!"

संध्याकाळी विल्फ्रेड वही उघडून बसला. लिहायला हात धजेना. "मॉरीन, खरं सांग. निधी कुठल्या रकान्यात?"

"डाव्या."

"आणि हंस?"

"हंस उजव्या, वेड्या!" तिनं त्याच्या टकलावर ओठ टेकले.

सोमवारी त्यानं ऐटीत केंद्राला फोन लावला आणि तपासणीची पुढची तारीख मागितली.

"सहा महिने थांबावं लागेल हो, मिस्टर ॲक्रॉइड," पलीकडची मुलगी म्हणाली. "समितीतल्या चौघांनी तुमच्याआधी नंबर लावलेत."