कळशीतले हात

कळशीच्या तोंडाचं माप मापसाहेबांनी तीनदा घेतलं. तिन्ही वेळा ते साडेचार इंचच भरलं, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. तीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाला आकडा जुळला की पोटभर जेवल्यासारखं वाटतं. त्यांना येताना पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे, म्हणून त्यांचं नाव मापसाहेबच पडलं होतं. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत साचे आणि पुतळे करायला घेतले. तिथे मात्र आजवर एकही माप जुळलं नव्हतं.

थोरल्या भावाचा मातीचा पुतळा वाळताना तडकला आणि भाऊ तो बघायला आला नेमक्या त्याच दिवशी त्याचं नाक, म्हणजे पुतळ्याचं, भावाच्या चहात पडलं. प्लास्टरचा ससा साच्यातून कानांशिवाय निघाला, तो त्यांनी मेव्हणीला कासव म्हणून दिला. मेव्हणीने तो परत पाठवला. दारामागे पांढरी धूळ, मोरीत गोठलेलं प्लास्टर आणि बायकोचं शिवणयंत्र वर्षभर जेवणाच्या टेबलाखाली, असा सगळा संसार चालला होता. शेवटी बायकोने निकाल दिला.

"आता एकदाच. जमलं तर खोली तुमची. नाही जमलं तर रविवारी माझं यंत्र आत जाईल आणि तुमचा पसारा माळ्यावर."

"जमलं की नाही हे ठरवणार कोण?"

"मी," बायको म्हणाली.

मापसाहेबांनी कंबर कसली. काय करायचं ते त्यांनी मोठ्या धूर्तपणे ठरवलं होतं: एकमेकांत गुंफलेले दोन हात, एक आपला आणि एक बायकोचा. जी वस्तू निम्मी आपलीच आहे तिला कोण नावं ठेवील, असा त्यांचा हिशेब होता. वरच्या मजल्यावर दातांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईचा दवाखाना होता. दातांचे ठसे घ्यायची गुलाबी पावडर तिच्याकडे मुदत संपून पडली होती, ती तिने आनंदाने देऊन टाकली. पाण्यात कालवली की ही पावडर पाच मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. त्यात हात बुडवायचे, घट्ट झाली की अलगद काढायचे आणि उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतायचं, इतकं ते सोपं होतं.

पण पावडर होती थोडी. बादली घेतली तर पुरणार नव्हती. घरातली सगळी भांडी मोजून झाल्यावर मापसाहेबांची नजर कपाटावरच्या पितळी कळशीवर गेली. ती बायकोच्या आईची होती आणि बायको दर महिन्याला ती घासूनपुसून पुन्हा वर ठेवायची. तिला विचारणं म्हणजे नकार ऐकणं, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने मापसाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी कळशी एका जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि बायकोला सांगितलं की साच्याला गारवा लागतो.

दुपारी दोघं समोरासमोर स्टुलांवर बसली. गुलाबी लगदा ओतून झाला. आधी बायकोचा हात आत गेला, मग मापसाहेबांचा, आणि आत खोलवर दोघांनी बोटांत बोटं अडकवली. आता पाच मिनिटं अजिबात हलायचं नाही, असं मापसाहेबांनी सांगितलं. मग मनगट कसं ठेवावं, श्वास कसा घ्यावा, तुझा हात नेहमीच कसा हलतो आणि मागच्या वर्षी फोटोतही तू कशी हललीस, हेही सांगितलं. तिसऱ्या मिनिटाला बायकोने आतल्या आत त्यांना असा काही चिमटा काढला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण गडी हलला नाही. साचा महत्त्वाचा होता.

पाच मिनिटं झाली. मापसाहेबांनी हात वर ओढला. हात चार बोटं वर आला आणि तोंडाशी थांबला. पुन्हा ओढला, पुन्हा थांबला. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की एकामागून एक आत जाणाऱ्या दोन हातांचं माप त्यांनी घेतलं होतं, पण गुंफलेल्या हातांचं घेतलंच नव्हतं. या ओढाताणीत टॉवेल सरकला आणि खाली पडला.

बायकोची नजर उघड्या पडलेल्या पितळेवर गेली.

"ही आईची आहे," ती म्हणाली.

मापसाहेबांनी मान खाली घातली. पितळ कापायची करवत मागच्या खोलीत आहे, दहा मिनिटांचं काम आहे, असं ते जमिनीकडे बघत पुटपुटले. करवतीला हात लावलात तर आधी मी काय कापीन ते सांगत नाही, असं बायको म्हणाली. त्यापेक्षा बोटं सोडवून आतला लगदा फाडा आणि मोकळे व्हा, हा तिचा उपाय होता. त्यावर मापसाहेबांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांच्यासमोर तराजूची दांडी मारून कमी तोलत होतं. साचा फाटला की सगळं संपलं, रविवारी यंत्र आत. ती कळशी सोडेना, हे साचा सोडेनात, आणि या भानगडीत दोघांनी एकमेकांचा हात मात्र घट्ट धरून ठेवलेला.

अर्ध्या तासाने बायकोला तहान लागली. दोघं कळशीसकट उठली, आडवी चालत स्वयंपाकघरात गेली, आणि तिने डाव्या हाताने माठातून पाणी काढून आधी त्यांना दिलं. मग ती दोघं आडवीच जिना चढून वर गेली. दवाखान्यात गाल सुजलेला एक गृहस्थ पाळीची वाट बघत होता. कळशीत हात घालून आलेलं हे जोडपं पाहून तो उठला आणि आपली जागा देऊन कोपऱ्यात उभा राहिला. काय झालं, असं त्याने शेवटी विचारलंच.

"हात दाखवून अवलक्षण," बायको म्हणाली.

डॉक्टरने टॉर्च लावून कळशीत पाहिलं. ओढल्यामुळे लगद्याने हात आत शोषून धरलेत, ते सुटले की बोटं सोडवता येतील, असं ती म्हणाली. दात धुवायच्या नळीने तिने मनगटांच्या कडेने पाणी सोडलं आणि गुंफण सैल करून एकेक हात सरळ वर काढायला सांगितला. बायकोचा हात लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. मापसाहेबांचाही मागोमाग आला. आतला साचा जसाच्या तसा होता.

"काकू, तुमचा हात तर केव्हाच निघाला असता," डॉक्टर म्हणाली. "इतका सैल होता."

"माहीत होतं मला. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं."

"मग काढला का नाही?" मापसाहेबांनी विचारलं.

"काढला असता आणि साचा बिघडला असता, तर जन्मभर खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं." मग पदराने हात पुसत ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही वर्षभर रात्रंदिवस राबताय त्या खोलीत. एवढं धरून बसले तर काय बिघडलं."

मापसाहेब कळशी कवटाळून खाली आले आणि लगेच प्लास्टर कालवायला बसले. पाण्याचं आणि भुकटीचं प्रमाण त्यांनी त्या दिवशी चार वेळा तोललं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर पक्कं झालं. मापसाहेबांनी लांब चमच्याने गुलाबी रबर कणाकणाने कोरून बाहेर काढलं. शेवटचा तुकडा निघाला आणि आत काहीतरी खडखडलं. त्यांनी दोन बोटं घालून प्लास्टरचे हात वर ओढले. हात चार बोटं वर आले आणि तोंडाशी थांबले.

हे हात तर कोणाच्या सांगण्याने सैल होणार नव्हते. हात बाहेर हवे तर कळशी कापायची, कळशी हवी तर हात फोडायचे, तिसरी वाट नव्हती. करवत भिंतीवर टांगलेली होती. मापसाहेब तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी ती काढून कागदात गुंडाळली, मातीची पोती बांधली, ब्रश डब्यात भरले आणि बायकोला हाक मारली.

"माळ्यावर काय काय जाईल ते बघून घे. हात निघत नाहीत."

बायको आली. तिने बांधाबांध पाहिली, कागदातून डोकावणारी करवतीची मूठ पाहिली आणि टॉर्च आणून कळशीत डोकावली. आत दोन हात होते. नखं होती, तिच्या बांगडीची रेघ होती, त्यांच्या करंगळीवरचा जुना व्रण होता. आणि तिचं एक बोट आणि अंगठा त्यांच्या तळहाताच्या कडेला रुतलेले होते. चिमटीत सापडलेल्या कातडीची घडीसुद्धा स्पष्ट उमटली होती.

ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. मग मापसाहेबांनीही डोकावून पाहिलं आणि तळहाताची कड चोळली.

"सुरकुत्या मोजून घ्या, सगळ्या आल्यात," ती म्हणाली. तिने कळशी उचलली, पदराने पुसली आणि कपाटावर न ठेवता बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली. टॉर्चही शेजारी ठेवला.

मापसाहेब दाराशी उभे होते. त्यांनी शिवणयंत्राकडे पाहिलं, मग पोत्यांकडे. शेवटी धीर करून विचारलं, "मग ही पोती माळ्यावर टाकू का?"

"सोडा ती," बायको म्हणाली. "पण पुढच्या वेळी भांडं मी काढून देईन."