कंसमामा

“कंस घालू नका! खबरदार कुणी कंस घातला तर!”

श्रीकृष्ण माझ्या जेवणाच्या टेबलाशी उभा राहून असा ओरडला, की खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं आणि सेरंगूनच्या मॉलमधले सरकते जिने जागच्या जागी थबकले. टेबलाशी त्याची आई बसली होती. पुढ्यात चहाचा कप. ती फक्त “च…” एवढंच म्हणाली होती. माझी बायको मीरा लगेच म्हणाली, “चहा ना? हा काय समोरच!” मी म्हणालो, “चष्मा?” आणि गडी पेटला.

आता हा कंस काय प्रकार आहे ते सांगतो.

श्रीकृष्ण आमचा शेजारी. मूळचा पुण्याचा, एकटा जीव, इथल्या विद्यापीठात संशोधक. आम्ही बाकीचे मराठी लोक इथे परदेशात बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. हा दोन हजार वर्षांपूर्वी वारलेल्या ग्रीक आणि रोमन मंडळींच्या थडग्यांवरची अक्षरं सांभाळतो. दगड फुटके, अक्षरं गळालेली. गळालेल्या जागी काय असेल याचा अंदाज करायचा आणि तो चौकोनी कंसात लिहायचा. म्हणजे दगडाचं किती आणि पंडिताचं किती, हे वाचणाऱ्याला कळतं.

धंद्यापुरतं हे ठीक. पण याच्या जिभेला त्याची चटक लागली. तुम्ही वाक्य सुरू करायचा अवकाश, हा दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत कंस काढून ते संपवणार. आमच्या ऑफिसातला एक बिचारा बागेत एका मुलीला म्हणत होता, “माझ्याशी…” शेजारच्या बाकावरून कंस आला, “लग्न करशील का!” मुलगी लाजून ‘हो’ म्हणाली. बिचाऱ्याला बॅडमिंटन खेळायचं होतं. आता त्यांना जुळी आहेत आणि रॅकेट अजून प्लास्टिकमध्ये आहे.

म्हणून आमच्या कॉन्डोतली, म्हणजे सोसायटीतली, मराठी पोरं त्याला कंसमामा म्हणतात. नाव श्रीकृष्ण, पदवी कंस. एका देहात दोघं इतक्या गुण्यागोविंदाने नांदल्याचं दुसरं उदाहरण नाही.

चित्रांनाही सुटका नाही. इथल्या मेट्रोत, म्हणजे एमआरटीत, ड्युरियन हे उग्र वासाचं फळ आणायला बंदी आहे, तशी पाटी असते: काटेरी फळ आणि वर लाल तिरपी रेघ. तिच्यापुढे उभं राहून हा गंभीरपणे म्हणाला, “दोन हजार वर्षांनी माझ्यासारखा कुणीतरी लिहील, की इथल्या लोकांचं एक काटेरी दैवत होतं आणि त्याला गाडीत बसायची फार भीती वाटे.”

एकदा मीराने मला चिठ्ठी दिली, ती माझ्या घामाने भिजली. वाचता येईना. ‘येताना’, मग शाईचा डाग, मग ‘ळी आण’. मी नेमका याला विचारायला गेलो. याने भिंग काढलं, डागाची लांबी मोजली, हवेत कंस काढला आणि निकाल दिला, “पुरणपोळी!” मी भर उन्हात लिटल इंडिया हा इथला भारतीय बाजार पालथा घातला आणि चार गरम पुरणपोळ्या घेऊन विजयी मुद्रेने घरी आलो. मीराचं डोकं दुखत होतं. तिला गोळी हवी होती. नंतर ती जे बोलली त्यात एकही अक्षर गळालेलं नव्हतं.

आणि नेमकी अशा माणसाच्या आईची अक्षरं गळाली.

पुण्यात काकूंना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय सावरले, बोलणं गेलं. हा जाऊन त्यांना इकडे घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, त्यांना त्यांच्या वेळेने येऊ द्या. येतीलच असं मात्र सांगता येत नाही. मीरा म्हणाली, “मेल्या कंसमामापुढे त्या माउलीचं एक अक्षर तरी पुरं होईल का?”

झालं उलटंच. मी एकदा सहज डोकावलो, तर काकू “प… प…” करत होत्या आणि हा समोर गप्प बसला होता. पाणी, पंखा, पेपर; माझ्याच ओठांवर दहा शब्द आले. याच्या ओठांवर शंभर आले असतील. पण हा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. बोटांनी चुकून कंस काढू नये म्हणून.

“प”च्या पुढचं त्या दिवशी आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही हा तसाच बसला.

तर सुरुवातीला सांगितलं त्या दिवशी माझ्या टेबलाशी “च” आला होता. हा ओरडला, मग काकूंसमोर बसला आणि हात मांड्यांखाली घातले. मीराने पदर तोंडात कोंबला. मी श्वास धरला. घड्याळालासुद्धा टिकटिक करायचा संकोच वाटायला लागला. काकूंनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा लेकाकडे.

“चहा…” काकू म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

“चहा… गार… झाला, कृष्णा.”

अख्खं वाक्य! कर्ता, क्रियापद, वर हाकसुद्धा! सुरुवात केली तेव्हा चहा गरम होता, हे खरं. पण असल्या क्षुल्लक गोष्टी कोण काढतो? माझा धरलेला श्वास असा सुटला की टेबलावरचे कागदी रुमाल उडाले. मीरा रडत रडतच दुसरा चहा ठेवायला उठली. पण बायको माझी, स्वयंपाकघराच्या दारातून वळून म्हणालीच, “मी मघाशीच म्हणाले होते, चहा!”

श्रीकृष्णाने मांड्यांखालचे हात काढले, नाक पुसलं.

“ते तुम्ही म्हणालात, वहिनी,” तो म्हणाला. “हे ती म्हणाली.”