वाळवीचा पंचनामा

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या शेजारच्या दत्तूअण्णांचा म्हशीवरचा विश्वास उडालेला आहे.

कोल्हापुरात दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. यात फसवणार कोण आणि कसं? पण अण्णांनी ग्लास उजेडात धरला, म्हशीकडं रोखून बघितलं आणि गवळ्याला विचारलं, "धार काढायच्या आधी हिला पाणी पाजलंस?"

"पाजलं की."

"बघ! म्हंजे पाणी हायच."

नोकरीभर अण्णांनी बसमधली तिकिटं तपासली. तिकीट काढलेल्या माणसाचा त्यांना जास्त संशय. "त्यो एवढा निवांत कसा?" निवृत्तीनंतर तपासायला प्रवासी उरले नाहीत, तेव्हा त्यांनी सरकार तपासायला घेतलं. खिशात कायम माहिती अधिकाराचे कोरे अर्ज. माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचा पेढा दिला, तर तो हातात धरून म्हणाले, "ठरलं ते तोंडी का लेखी?"

पण तीन वर्षं त्यांचा खरा हट्ट एकाच पानाचा होता. आमची वसाहत शहराच्या हद्दीबाहेर. नाव सांगत नाही, अण्णा माझ्याकडून पुरावा मागतील. पाणीपुरवठा कार्यालयात नळाचं पाणी तपासल्याच्या नोंदींचं एक रजिस्टर असतं. त्यातलं एका श्रावणातल्या एका आठवड्याचं पान अण्णांना बघायचं होतं. बस्स. कुणाची तरी नोकरी घालवायची असेल, असं आम्ही सगळे एकमेकांच्या कानात सांगत होतो.

कार्यालयाचं उत्तर आलं : सदर रजिस्टर वाळवीने खाल्ले आहे.

अण्णांचा चेहरा असा खुलला, जणू बसमध्ये बिनतिकिटाचा माणूस सापडला. त्यांनी तिथल्या तिथं दुसरा अर्ज लिहिला : वाळवी कोणत्या तारखेस लागली, पंचनामा कोणी केला, आणि शेजारची रजिस्टरं सोडून तिने नेमके हेच का निवडले?

यावर उत्तर नाही. अपील केलं, तर ते ऐकणारे साहेब त्याच कार्यालयातले, पलीकडच्या खोलीतले. दोन्ही खोल्यांत चहा एकाच किटलीतून जायचा, हेही अण्णांनी टिपून ठेवलं होतं.

"बगणारा भायेरचा पायजे, वैनी," ते मला म्हणाले. "मांजरालाच इचारायचं व्हय, दूध कुणी पिलं म्हणून?"

मग ते वरच्या माहिती आयोगाकडं गेले, पान दाखवण्याचा आदेश आणला आणि पाहणीला साक्षीदार म्हणून मला नेलं.

रजिस्टर सापडलं होतं. एका डगमगत्या कपाटाच्या पायाखाली ते सुखरूप होतं. वाळवीनं त्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं! कारकून खाली मान घालून धूळ झटकत होता आणि मला हसू आवरत नव्हतं.

"अण्णा, जिंकलात की!"

अण्णा हसले नाहीत. बाकावर बसून टोपीची घडी घालत राहिले.

"शालन त्या आठवड्यात रोज म्हणायची, पाण्याला वास येतोय. मी म्हणलं, तुझं नाक बिघडलंय. उकळायला ठेवलेलं पातेलंसुदीक मी खाली उतरवलं." टोपी उलगडून त्यांनी पुन्हा घडी घातली. "सगळ्या दुनियेवर संशय घेणारा मी. नळावर तेवढा घेतला न्हाई, वैनी. तिच्यावर घेतला."

शालनताई, म्हणजे अण्णांची बायको, त्याच श्रावणाच्या शेवटी काविळीनं गेल्या होत्या. दवाखान्यात त्यांच्या उशाशी मीही बसले होते. अण्णांच्या अर्जातला महिना मात्र मी कधी ताडून बघितला नव्हता.

कारकुनानं पान उघडून समोर ठेवलं. निळ्या शाईत दोनच शब्द होते : पिण्यास अयोग्य. खाली सही.

"काका, झेरॉक्स काढू?" त्यानं हळूच विचारलं.

अण्णांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं, चष्मा काढला, आणि अख्खं कार्यालय वळून बघेल एवढ्या मोठ्यानं बोलून गेले, "शालन, तुझंच खरं हुतं की गं!"