आठ वाजून दहा मिनिटांचे उद्घाटन

सेवा ही मुळात बसून करण्याची गोष्ट आहे. उभ्याने सेवा केली की पाय दुखतात, पाय दुखले की माणूस चिडतो, आणि चिडक्या माणसाच्या हातून समाजाचे भले झाल्याची नोंद कुठेही नाही. हे ओळखूनच आमच्या प्रदेशातल्या सेवा मंडळांनी सर्वांत आधी खुर्च्यांची सोय केली. अशी एकेचाळीस मंडळे आहेत. एकूण सदस्य एक हजार नऊशे बारा. पैकी पदाधिकारी एक हजार नऊशे अकरा. (उरलेले गृहस्थ परगावी असतात. पद देण्यासाठी त्यांचा शोध चालू आहे.)

आमच्या भागातल्या मंडळाकडे मी एका किरकोळ कामासाठी गेले होते. थोरलीच्या शिशुवर्गासमोरचा रस्ता वळणावर आहे. वळणाच्या अलीकडे टायरवाल्याचे दुकान, पलीकडे शाळेचे फाटक आणि मध्ये रस्ता ओलांडण्यासाठी अकरा पांढरे पट्टे. ते इतके फिकट झालेत की फक्त पायी चालणाऱ्यांनाच दिसतात. मला काळजी करण्याची सवय आहे. नवरा त्याला छंद म्हणतो. तर या छंदापायी मी सलग सहा दिवस, कडेवर धाकटा आणि बोटाला थोरली अशा अवस्थेत, तिथे उभी राहून गाड्या मोजल्या. सकाळी आठ दहा ते साडेआठ या वेळात सरासरी दोनशे चौदा वाहने जातात. पट्ट्यांपाशी वेग कमी करणारी वाहने, सहा दिवसांत तीन. (एकाची हवा गेली होती. दुसरे टायरवाल्याकडेच आले होते. तिसऱ्याने वेग का कमी केला ते कळले नाही. बहुधा चालक नवीन असावा.)

सातव्या दिवशी एका टेम्पोने थोरलीच्या हातातला डबा उडवला. डबा हातात होता आणि हात मुलीला होता, एवढेच मला दिसले. "आई, माझा डबा का पळाला?" तिने विचारले. त्याच दुपारी मी अर्ज लिहायला बसले.

वाहतूक कार्यालयाने माझा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि काम सेवाभावी असल्याने सेवा मंडळाकडे जावे, असे प्रेमाने सुचवले. माझी मागणी एकच होती. रोज वीस मिनिटे एका माणसाने 'थांबा' अशी पाटी धरून उभे राहायचे. मीच उभी राहिले असते, पण मला हात दोनच आहेत आणि दोन्ही भरलेले असतात.

मंडळाच्या सभागृहात व्यासपीठावर बावन्न खुर्च्या आहेत. माजी अध्यक्षाला खाली बसवणे बरे दिसत नाही आणि अध्यक्ष तर दरवर्षी माजी होतो. त्यामुळे व्यासपीठ पुढे पुढे सरकत आले असून प्रेक्षकांसाठी आता एकच रांग उरली आहे. त्या रांगेत मी, धाकटा आणि ध्वनिक्षेपकवाले काका असे तिघे होतो. काकांना ऐकू कमी येते, म्हणून ते टिकून आहेत.

विद्यमान अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. माणसाला तोंड उघडायला लावायचे आणि मग बोलू द्यायचे नाही, ही कला त्यांना व्यवसायातच अवगत झाली आहे. त्यांनी माझी मागणी फार गांभीर्याने घेतली. मंडळाच्या घटनेत 'उभे राहणारा' असे पद नसल्याने पेच होता. तो सोडवण्यासाठी पाटी समिती नेमली गेली. पाटी उजव्या हातात धरावी की डाव्या, यावर उपसमिती. आणि उभे राहण्याचा अभ्यासगट, ज्याच्या चार बैठका झाल्या. (बैठकाच झाल्या.) शेवटी ठरले की सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी प्रकल्पाचे उद्घाटन करावे, कारण त्या वेळचे कोवळे ऊन फोटोला चांगले असते.

"आणि उभं कोण राहणार?" मी विचारलं.

"अहो ताई, आधी उद्घाटन तर होऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तर जन्माआधीच शाळेचा दाखला मागताय."

सोमवारी टायरांच्या चळतीपासून फाटकापर्यंत लाल फीत बांधली गेली. बावन्न पदाधिकारी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हारीने उभे राहिले. दोन्ही बाजूंची वाहने थांबली. हॉर्न वाजले, ते मंडळाने अभिनंदन म्हणून स्वीकारले. मग लक्षात आले की कात्री आणायची राहून गेली आहे, कारण कात्री आणणे हे कोणाचेच पद नव्हते. मी थोरलीच्या दप्तरातली तिची कात्री काढून दिली. प्लॅस्टिकची, गोल टोकाची, चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण सुरक्षित. तिने कागदही कापला जातो, पण कागदाची इच्छा असेल तर.

डॉक्टरांनी त्या कात्रीने फीत चार मिनिटे चावली. मग ज्येष्ठतेच्या क्रमाने कात्री एकेका माजी अध्यक्षाकडे गेली. एकूण अकरा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात पदाधिकाऱ्यांच्या पाठीमागून त्रेचाळीस मुले रस्ता ओलांडून गेली. टायरवाल्याने मोजली. माझी थोरली एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर उड्या मारत गेली, माझा हात सोडून. आणि मीही तो सोडला होता, हे मला घरी आल्यावर आठवले.

मंगळवारी दोनशे चौदा वाहने गेली.

मंडळे काम करत नाहीत, असे लोक म्हणतात. हे साफ खोटे आहे. मंडळे उद्घाटने करतात, आणि ती इतकी मन लावून करतात की पुढे काही करण्याची ताकदच उरत नाही. दोष मंडळांचा नाही, आपण त्यांना चुकीची कामे सांगतो. हा विचार मी संध्याकाळी घरात मांडला.

"म्हणजे रोज तेच उद्घाटन?" नवऱ्याने विचारलं.

"तेच कसं? पट्टे अकरा आहेत. एकेकाचं वेगळं."

"आणि बारावा दिवस?" हे सासूबाई. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता.

"मधल्या काळ्या जागा दहा. त्यांचं लोकार्पण."

सासूबाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. "फीत टाकू नका मग. गाठ मारून मी देत जाईन."

डॉक्टरांना योजना सांगितली तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. एकवीस दिवस, एकवीस माजी अध्यक्ष, प्रत्येकाचा मधोमध उभा राहून फोटो. पट्टा क्रमांक सातसाठी दोघांत अबोला झाला, तो वगळता सर्व सुरळीत पार पडले. तोवर बातमी प्रदेशभर पसरली होती. शेजारचे मंडळ म्हणाले, आम्ही काय घोडे मारले? मग त्यांना रस्त्याची उलटी बाजू उद्घाटनासाठी दिली. त्यानंतरच्या मंडळांना पट्ट्यांची सावली, पट्ट्यांचा पहिला महिना आणि पट्टे पुसट झाल्याबद्दलची कृतज्ञता. दोन महिन्यांत चाळीस उद्घाटने झाली आणि मुलाला खरचटल्याची घटना एक. (फितीच्या गाठीत पाय अडकून. फितीत आता फितीपेक्षा गाठी जास्त आहेत.)

एकदा मात्र बाका प्रसंग आला. एका दूरच्या मंडळाने स्वतःची धारदार कात्री आणली. खटकन फीत तुटली, टाळ्या झाल्या, सगळे चहाला गेले. मुले सहाच गेली, सदतीस अलीकडेच राहिली. त्या दुपारी मी धाकट्याला झोपवून एक मसुदा तयार केला. प्रदेशप्रमुखांनी (ते पाण्याच्या टाक्या विकतात) तो सही करून सर्व एकेचाळीस मंडळांना पाठवला: 'आपल्या प्रदेशाच्या थोर परंपरेनुसार उद्घाटनास पारंपरिक कात्रीच वापरावी.' परंपरा तेव्हा पाच आठवड्यांची होती.

अशा निष्ठेची दखल घेतली जाणारच. आमच्या मंडळाला 'अखंड सेवा' पुरस्कार जाहीर झाला आहे. समारंभ येत्या सोमवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, तीन तासांच्या अंतरावरच्या सभागृहात. एकेचाळीसही मंडळे जाणार. फोटोग्राफरही.

मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. "सोमवारी पट्ट्यांवर कोण?"

"ताई, पुरस्कार त्या पट्ट्यांनाच तर मिळतोय."

"पट्टे येतील हो सभागृहात. मुलं रस्त्यावरच असतील."

डॉक्टरांनी हातातले अवजार खाली ठेवले. मला वाटले, पोचले. मग त्यांनी मायेने विचारले, मुलांच्या वतीने तुम्हीच व्यासपीठावर येता का, खुर्ची ठेवतो. आणि जाताना माझ्या हातात नेमणुकीचे पत्र दिले: प्रादेशिक सहसंयोजक, कात्री. (प्रदेशाचे सदस्य आता एक हजार नऊशे तेरा.)

तेव्हा सोमवारी पट्ट्यांवरच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांची जागा रिकामी आहे, आणि त्यासाठी मी आपले नाव सुचवले आहे. होय, आपले. आपण इथवर वाचलेत. त्या बावन्न जणांना हसलात. टेम्पोपाशी हळहळलात आणि 'कोणीतरी काहीतरी करायला हवं' असे मनात म्हणालात. आमच्या घटनेनुसार एवढ्यावर उपाध्यक्षपद मिळते. फीत सासूबाईंनी गाठ मारून ठेवली आहे, एक टोक टायरवाला धरेल. खुर्ची नाही. फोटो नाही.

जमत नसेल तर संकोच करू नये. सोबतच्या पत्रात कारणे छापलीच आहेत, आपण फक्त खूण करायची: (अ) ऑफिस, (आ) पाठ, (इ) आम्ही त्या रस्त्याने जात नाही.

तिसऱ्यापुढे मी आधीच खूण करून ठेवली आहे. तेवढीच आपली सेवा.