मोरपंखी भांडं, एक डॉलर

मे महिन्यातल्या एका शनिवारी आमचं अख्खं गाव घरातली अडगळ अंगणात मांडतं आणि मग एकमेकांची अडगळ विकत आणतं. यंदा जायचं नाही असं मी ठरवलं होतं. (म्हणजे लॉर्नाने ठरवलं होतं. लॉर्ना माझी बायको. आमच्या गराजमध्ये माझ्या जुन्या रेडिओंपासून सगळं मावतं, गाडी सोडून.) पण सकाळी साडेसहाला डेल्बर्ट त्याचा पिकअप घेऊन दारात उभा राहिला. नुसतं बघून येऊ, म्हणाला. बत्तीस वर्षांच्या दोस्तीत आम्ही नुसतं बघून कधीच आलेलो नाही.

तिसऱ्याच अंगणात मी थबकलो. टेबलावर मोरपंखी रंगाचं काचेचं भांडं होतं, झाकणासकट. लॉर्नाच्या आईचं, तेच ते.

या भांड्याचं महाभारत थोडक्यात सांगतो. चार वर्षांपूर्वी शेजारच्या बर्नडीनचा नवरा वारला, तेव्हा लॉर्नाने त्यातून नूडल्सचं कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण, करून पाठवलं. दुःखाच्या घरी गेलेलं भांडं घासूनपुसून परत करायचं, यात आमच्याकडे माणसाची अब्रू असते. बर्नडीन म्हणाली, मी परत केलं. लॉर्ना म्हणाली, मला मिळालं नाही. तेव्हापासून तीस वर्षांच्या मैत्रिणी चर्चमध्ये एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात, आणि मधे मी.

मी भांडं छातीशी धरलं. आज मी घरात हिरो ठरणार होतो. विकणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, "चांगलं भांडं आहे हो. मी पण असंच कुणाच्या तरी अंगणातून घेतलं होतं. कोण बावळट एक डॉलरला विकत होता देव जाणे. झाकणावर बघा, स्टिकरसुद्धा निघत नाही."

मी बघितलं. माझा एकचा आकडा सातासारखा दिसतो, म्हणून मी किंमत नेहमी अक्षरी लिहितो. स्टिकरवर लिहिलं होतं: एक डॉलर.

डेल्बर्टने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. "अक्षर ओळखीचं वाटतंय रे," तो म्हणाला. मग मला हळूहळू आठवलं. बर्नडीनने भांडं आमच्या गराजमध्ये आणून ठेवलं असणार, आणि त्या मे महिन्यात मी गराज साफ करून निघालेलं सगळं अंगणात विकलं होतं. (त्या साफसफाईचं लॉर्नाने फार कौतुक केलं होतं.) आजीबाईंनी पाच डॉलर मागितले, मी घासाघीस न करता दिले. वाटेत नखाने स्टिकर खरवडून पाहिला, ढिम्म हलला नाही.

लॉर्नाने भांडं पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने झाकण पाहिलं, आणि डोळे कोरडे झाले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मुकाट्याने नूडल्स उकडायला लागली. तासाभराने गरम कॅसरोल माझ्या हातात देऊन म्हणाली, "बर्नडीनकडे जा. माफी माग. मी चार वर्षं त्या बाईला चोर समजले, वेंडेल. आणि भांडं घेतल्याशिवाय घरात पाय ठेवू नकोस."

"स्टिकर तरी काढू दे," मी म्हटलं.

"राहू दे. तिला पुरावा दिसू दे."

बर्नडीनच्या अंगणातही टेबलं मांडलेली होती. मी भांडं तिच्यासमोरच्या टेबलावर ठेवलं, स्टिकर दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. ती हसायला लागली, हसता हसता रडली. मलाही भरून आलं, खोटं का सांगू. "लॉर्नाला आत्ता फोन करते," ती म्हणाली. "दोन मिनिटं गिऱ्हाईक बघ."

तेवढ्यात माझ्यासोबत आलेल्या डेल्बर्टला टेबलाखाली एक जुना रेडिओ दिसला. लाकडी, व्हॉल्व्हचा, मागची पाटी शाबूत. आम्ही दोघं गुडघे टेकून आत शिरलो. रेडिओचं आतलं बघत असताना वरून बाईचा आवाज आला, "हे खरंच एक डॉलरला आहे?"

"स्टिकरवर आहे तीच किंमत," मी आतूनच म्हणालो. एक हात खाली आला, मी नोट खिशात टाकली. बाई किती खूश झाली ते आवाजावरून कळलं. भांडं गरम कसं काय, असंही ती स्वतःशी म्हणाली, पण माझं लक्ष व्हॉल्व्हमध्ये होतं.

मी डोकं बाहेर काढलं तेव्हा बर्नडीन फोन पुढे करून उभी होती. लॉर्नाला विचारायचं होतं, कॅसरोल आवडलं का, आणि भांडं रिकामं झालं का. टेबलावर जिथे भांडं होतं तिथे पाण्याच्या वाफेचं एक वर्तुळ उरलं होतं. मी खरं सांगितलं. लॉर्ना एवढंच म्हणाली, "बर्नडीनला फोन दे."

त्या दोघी दीड तास बोलल्या. हल्ली त्या चर्चमध्ये शेजारी शेजारी बसतात आणि मी एकटा मागच्या बाकावर. भांडं मी अजून दर शनिवारी शोधतो.

भांडं गेलं त्याच्या पुढच्याच शनिवारी लॉर्नाने आमच्या अंगणात टेबल मांडलं. त्यावर माझे सगळे रेडिओ ठेवले, शेजारी खुर्चीत मला बसवलं, आणि बर्नडीनने माझ्या शर्टाला एक स्टिकर चिकटवला: एक डॉलर. रेडिओ दहाच्या आत संपले. दुपारपर्यंत माझ्यासाठी गिऱ्हाईक एकच आलं, डेल्बर्ट. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लॉर्नाला विचारलं, "पन्नास सेंटला देतेस का?"