आयर्लंडची तांबडी गाय

चारूने वरणाने माखलेलं बोट मोबाइलवरच्या निळ्या बटणावर टेकवलं आणि रूपालीच्या हातातला घास हातातच राहिला.

दीड वर्षाची चारू चित्रं पाहिल्याशिवाय तोंड उघडत नसे. म्हणून रूपालीने परदेशातल्या एका लिलावाचं पान लावून दिलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीचं आयर्लंडचं तैलचित्र, हिरव्या उतारावर तांबडी गाय. चित्र मोठं दिसावं म्हणून तिने मागेच नाव आणि कार्ड नोंदवलं होतं. आता खाली अक्षरं उमटली: ‘सर्वांत मोठी बोली तुमची. बोली मागे घेता येणार नाही.’

“आई, चारूने गाय घेतली!”

“कोन्ती गाय?” सासूबाई कुंदाबाई ओट्यावरून धावत आल्या आणि आकडा ऐकून मटकन बसल्या. “अवं माय! इतक्यात त ट्रॅक्टर येतो!”

जळगावच्या फ्लॅटसाठी साठवलेली सगळी पुंजी त्याच खात्यात होती. नवरा तेजस कंपनीत होता. त्याला कळायच्या आत हे निस्तरायला हवं होतं, आणि लिलाव संपायला अर्धा तासच उरला होता.

सासरे रतिलाल आबा सावद्याच्या गुरांच्या बाजारात मुरलेले. त्यांनी चष्मा चढवला. “घाबरू नको पोरी. गाईत खोड काढू. खोड निघाली का सौदा मोडतो.”

“आबा, ते चित्र आहे!”

“मंग? चित्रातल्या गाईले खोड नसते का?”

त्यांनी शिंगं पाहिली, खूर पाहिले, कास तर बोटांनी मोठी करकरून पाहिली. पाहता पाहता त्यांचा आवाज मऊ झाला. “डोये पाह्य कसे गरीब. पाठ कशी सरळ.”

“निघाली का खोड?” कुंदाबाईंनी दटावलं.

“नही ना वं. लाखात एक जनावर आहे.”

तेवढ्यात फोन टिंग करून वाजला. कोणीतरी वरची बोली लावली होती! रूपालीने चारूचे पटापट पापे घेतले. कुंदाबाई देवापुढे साखर ठेवायला पळाल्या.

“सुटलो आबा! गाय दुसऱ्याने नेली.”

“कोनं नेली?” आबा ताठ झाले. “माह्यासमोरून?”

“नाव नाही कळत. जाऊ द्या ना आता.”

“बरं. आन तो फोन इकडे. शेवटची पाह्यतो.”

आबांनी फोन मांडीवर घेतला. खांद्यावरचा रुमाल त्यावर पसरला आणि बाजारात व्यापाऱ्याची बोटं दाबून भाव सांगावा तसा हात रुमालाखाली घातला.

“आबा! काय दाबलंत?”

“वरडू नको,” आबा कुजबुजले. “समोरच्याले आकडा समजीन.”